ट्रूडीची पिवळी गोळी

लोणच्याचा आंबटपणा मोजायचा, मेयॉनेजचा रंग बरोबर आलाय का बघायचं, जॅमसाठी आलेल्या फळांना बुरशी नाही ना ते तपासायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत न्यूयॉर्कमध्ये गर्ट्रूड एलियन नावाची एक तरुण मुलगी किराणा मालाच्या एका मोठ्या कंपनीत दिवसभर हे काम करायची. केमिस्ट्रीतली एम.एस्सी. होती ती! पण युद्धावर गेलेल्या पुरुषांच्या जागा रिकाम्या झाल्या म्हणून निदान ही तरी नोकरी मिळाली होती.

घरचे तिला ट्रूडी म्हणत. जन्म २३ जानेवारी १९१८ चा. वडील दातांचे डॉक्टर. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि त्यांचे पैसे बुडाले. लेकीच्या कॉलेजला पैसे आणायचे कुठून? पण हंटर कॉलेजमध्ये हुशार मुलींना फी नव्हती, म्हणून ट्रूडी शिकली. विषय कोणता घ्यायचा, हे ठरलं ते आजोबांमुळे. ती पंधरा वर्षांची असताना लाडके आजोबा पोटाच्या कर्करोगानं गेले. त्यांचे हाल तिनं डोळ्यांनी पाहिले होते. या रोगावर औषध शोधायचं, हे त्या वयातच तिच्या मनानं घेतलं.

१९३७ मध्ये ती उत्तम गुणांनी पदवीधर झाली. पुढच्या शिक्षणासाठी मदत मागणारे पंधरा अर्ज केले, पंधराही ठिकाणांहून नकार. नोकरी मागायला गेली, तर एका ठिकाणी कारण असं दिलं, की सुंदर मुलगी प्रयोगशाळेत आली तर पुरुषांचं कामात लक्ष लागणार नाही. लक्ष पुरुषांचं उडणार आणि घरी बसायचं हिनं! मग काही आठवडे सेक्रेटरीचा कोर्स, नंतर एका केमिस्टकडे बिनपगारी काम. साठवलेल्या पैशातून तिनं न्यूयॉर्क विद्यापीठात नाव घातलं. वर्गात ती एकटीच मुलगी. दिवसा शाळेत शिकवायचं, रात्री आणि रविवारी प्रयोग करायचे, असं करत १९४१ मध्ये एम.एस्सी. झाली.

त्याच वर्षी तिचं जग कोसळलं. लेनर्ड नावाच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं. हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग झाला आणि तो गेला. पेनिसिलिन मिळू लागलं ते यानंतर थोड्याच वर्षांनी. तेव्हा असतं तर कदाचित वाचला असता. ट्रूडीनं पुढे लग्न केलंच नाही.

१९४४ मध्ये वडिलांच्या दवाखान्यात बरोज वेलकम कंपनीच्या औषधाची नमुना बाटली आली. तिथे विचारून बघ, असं त्यांनी सुचवलं. तिथे जॉर्ज हिचिंग्ज नावाच्या शास्त्रज्ञांनी तिला घेतलं. नोकरी सांभाळून ती रात्री पीएच.डी.साठी जायची. दोन वर्षांनी तिथल्या डीननी नोकरी सोडून पूर्णवेळ यायला सांगितलं. ट्रूडीनं पीएच.डी. सोडली, काम नाही सोडलं. अशा वेळी पुढे डिग्रीवाचून अडेल याची धाकधूक कुणालाही वाटेल. तिलाही ती होतीच.

आता त्या कामाविषयी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. निरोप आला की त्या वाढतात, काम झालं की थांबतात. हा निरोप पेशीच्या आत पोचवणारी प्रथिनं असतात. ल्युकेमियात म्हणजे रक्ताच्या कर्करोगात ही यंत्रणा बिघडते आणि कच्च्या पेशी थांबायचं नावच घेत नाहीत. त्या काळी या प्रथिनांची काही माहिती नव्हती. पण वाढायचं तर पेशीला डीएनए लागणार, एवढं हिचिंग्ज आणि ट्रूडीनं हेरलं होतं. मग डीएनएच्या खऱ्या विटेसारखी दिसणारी खोटी वीट पेशीला दिली तर? बांधकाम तिथेच अडेल.

पहिल्या औषधानं तेवीस वर्षांच्या एका मुलीला आराम पडला. तिनं लग्न केलं, बाळ झालं. दोन वर्षांनी आजार उलटला आणि ती गेली. ट्रूडी फार रडली. कित्येक वर्षांनी ही आठवण निघाली तरी तिचे डोळे भरून यायचे.

पण ती कामाला लागली. १९५१ मध्ये तिनं विटेतला ऑक्सिजनचा एक अणू काढून तिथे गंधकाचा अणू बसवला. हेच ६-मर्कॅप्टोप्युरिन. तोवर ल्युकेमिया झालेल्या मुलांपैकी निम्मी तीन-चार महिन्यांत जायची. १९५३ मध्ये या औषधाला मंजुरी मिळाली. एकट्या गोळीनं आजार काही महिने दबायचा, पुन्हा उलटायचा. पुढे ती मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांबरोबर द्यायला लागल्यावर मुलं खरंच बरी होऊ लागली. आणि बरं का, ते मेथोट्रेक्सेट बनवलं होतं आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं. आज उपचार नीट पूर्ण झाले तर मुलांमधल्या या नेहमीच्या ल्युकेमियात शंभरातली ऐंशीहून जास्त मुलं बरी होतात.

मग बॉस्टनच्या डॉ. रॉबर्ट श्वार्ट्झ यांना दिसलं, की या गोळीनं सशांची प्रतिकारशक्तीही शांत होते. ट्रूडीच्या गटानं तिचीच बहीण म्हणावी अशी अ‍ॅझाथायोप्रिनही तयार केली होती. तिच्या जोरावर १९६२ मध्ये मृत परक्या माणसाचं मूत्रपिंड रुग्णाला बसवून टिकवता आलं. संधिवात, आतड्यांची सूज यांवरही ती देतात. गाऊटवरचं अ‍ॅलोप्युरिनॉल आणि नागिणीवरचं असायक्लोव्हिर ही आपल्या मेडिकलच्या दुकानातली औषधंही तिच्याच कामातून आली.

मधल्या काळात, १९५६ मध्ये, आई गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं गेली. त्या दुखण्यावर लेकीकडे औषध नव्हतं.

१९८८ मध्ये सत्तराव्या वर्षी हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर तिला नोबेल मिळालं, पीएच.डी. नसताना. पुढे विद्यापीठांनी मानाच्या पदव्या आपणहून दिल्या. पण बऱ्या झालेल्या रुग्णांची पत्रं तिला या सगळ्यापेक्षा मोलाची वाटत. २१ फेब्रुवारी १९९९ ला ती गेली.

एक गोष्ट तिला कळायची राहिली. ही औषधं पहारेकरी पेशींना शांत कशी करतात, ते २००३ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं. टी पेशीच्या आत रॅक-वन नावाचं निरोप्या प्रथिन असतं, दिव्याच्या बटणासारखं. औषधापासून बनलेला गंधकवाला तुकडा त्याच्या खाचेत जाऊन बसतो आणि बटण चालूच होत नाही. वाढायला निघालेली पेशी मग मरून जाते. म्हणजे खोटी वीट नुसतं बांधकाम अडवत नव्हती, निरोपही अडवत होती!

आपल्याकडेही ल्युकेमियाच्या मुलांना शेवटची दोनेक वर्षं ही फिकट पिवळी गोळी रोज घरीच घ्यायची असते. भारत, चीन, जपान, कोरियातल्या काही मुलांमध्ये एनयूडीटी-१५ या जनुकात जन्मतःच थोडा फरक असतो आणि नेहमीच्या डोसनंसुद्धा त्यांच्या पांढऱ्या पेशी फार खाली जातात. अशा मुलांचा डोस डॉक्टर रक्त तपासून ठरवतात. कुणाला अर्धी गोळी, कुणाला पाव, तर एखाद्याला त्याहूनही लहान तुकडा पुरतो.