गणिताकडून तत्त्वज्ञानाकडे : गुरुदेव रानडे

आधीच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठीत पत्र लिहायचं म्हटलं तरी हात अडखळतो, मग चरित्र लिहिणं दूरच. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला. पण हा लेख मराठीतच लिहायचा असं ठरवलं होतं. त्याचं कारण शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

माझं आजोळ पिंगुळी. सिंधुदुर्गात कुडाळला लागूनच हे गाव आहे. कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीसाठी ते ओळखलं जातं, आणि राऊळ महाराजांच्या मठासाठीही. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे गेले तर घरात वातावरण तापलेलं. माझ्या मामेबहिणीला बारावीला चांगले मार्क पडले होते आणि ती म्हणत होती की तिला तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करायचंय. चेडवाचं डोकं फिरलं, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. मामाने मला बाजूला घेतलं. तू इंजिनिअरिंगला आहेस, ती तुझं ऐकेल, तिला जरा समजाव, अशी कामगिरी माझ्यावर आली.

मी तयारीला लागले. तत्त्वज्ञान शिकून पुढे कोणाचं काय झालं हे शोधावं आणि तेच उदाहरण तिच्यासमोर ठेवावं, असा माझा प्लॅन होता. शोधता शोधता हाती लागले रामचंद्र दत्तात्रय रानडे. आपल्यापैकी बऱ्याच जणांना रानडे म्हटलं की न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आठवतात. हे ते नव्हेत. यांना लोक गुरुदेव रानडे म्हणतात. प्लॅन तिथेच फसला.

रानड्यांचा जन्म 3 जुलै 1886 रोजी जमखंडीला झाला. जमखंडी तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं, आज ते कर्नाटकात आहे. घरी मराठी, बाहेर कानडी, शाळेत संस्कृत आणि इंग्रजी, अशा चार भाषांत हा मुलगा वाढला. शाळेत असतानाच, 1901 मध्ये, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून त्यांनी नाममंत्र घेतला. उमदी म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातलं गाव. पुढच्या वर्षी मॅट्रिक झाले आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात दाखल झाले.

आता आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट. त्यांनी 1907 साली बी.ए. केलं ते गणित घेऊन! गणित त्यांचा लाडका विषय होता आणि त्यात त्यांना गतीही होती. म्हणजे दुसरं काही जमत नाही म्हणून हा माणूस तत्त्वज्ञानाकडे वळला, असं म्हणायला जागाच नाही. आमच्या हॉस्टेलमध्ये आर्ट्सवाल्यांबद्दल जे जोक चालतात (मीही त्यात सामील असते), ते इथे लागू पडत नाहीत.

मग वळले कसे? बी.ए. नंतर 1909 च्या सुमारास ते फार आजारी पडले. जगतात की नाही अशी वेळ आली होती. नामस्मरण त्यांनी शाळेपासून चालू ठेवलं होतं, पण आता त्याचा अर्थ बदलला. इतके दिवस जे फक्त करत होतो, त्यात तथ्य किती आहे, ते बुद्धीला पटवून देता येईल का, हा प्रश्न त्यांच्यासाठी खरा झाला. गणितात सिद्धता दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तीच सवय असलेल्या माणसाने देवाच्या प्रश्नालाही तसाच हात घातला.

एम.ए. व्हायला 1914 उजाडलं. या वेळी विषय होता तत्त्वज्ञान. पहिला वर्ग तर मिळालाच, शिवाय मुंबई विद्यापीठाचं चॅन्सेलर पदकही मिळालं. बी.ए. आणि एम.ए. मध्ये सात वर्षांची गॅप! वायडी लागली म्हणून जेवण सोडून बसणाऱ्या आमच्या रूममेट्सनी हा आकडा लिहून कपाटावर चिकटवावा. पुण्याला वेगळं विद्यापीठ मिळालं 1949 साली, तोपर्यंत पुण्याची कॉलेजं मुंबई विद्यापीठालाच जोडलेली होती. आज पिंगुळी-कुडाळच्या भागातली कॉलेजंही त्याच विद्यापीठाखाली येतात. म्हणजे रानडे आणि माझी मामेबहीण एका अर्थी एकाच विद्यापीठाची लेकरं.

त्यानंतर रानडे फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने 1919 मध्ये सांगलीला विलिंग्डन कॉलेज काढलं, तिथेही त्यांनी शिकवलं. त्या काळी कॉलेजात तत्त्वज्ञान म्हणजे मुख्यतः पाश्चात्त्य तत्त्वज्ञान. रानड्यांनी तेही मन लावून केलं. ग्रीक तत्त्वज्ञांवर त्यांनी लेख लिहिले. पण त्यांना एक गोष्ट खटकत होती. ग्रीक हेराक्लायटसला वर्गात जागा आहे, आणि ज्यांचे अभंग आपल्या घरात रोज म्हटले जातात त्या तुकारामांना नाही. तुकाराम देवळात, हेराक्लायटस कॉलेजात, अशी वाटणी होऊन बसली होती.

ही वाटणी मोडायचं काम त्यांनी जन्मभर केलं. मला वाटतं, त्यांच्या चरित्रातली हीच मुख्य गोष्ट.

प्रकृतीमुळे 1924 मध्ये त्यांना सोसायटीची नोकरी सोडावी लागली. वय 38. दुसरा कोणी असता तर गावी जाऊन स्वस्थ बसला असता. यांनी त्याच वर्षी पुण्यात तत्त्वज्ञान आणि धर्म यांच्या अभ्यासासाठी एक अकादमी काढली. डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकरांबरोबर भारतीय तत्त्वज्ञानाचा इतिहास सोळा खंडांत लिहायचा आराखडा आखला. आणि 1926 मध्ये उपनिषदांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ बाहेर आला.

या ग्रंथाची रचना बघून मला आमच्या प्रोजेक्ट गाइडची आठवण झाली. उपनिषदं एकामागून एक घेऊन त्यांचा अर्थ सांगत जावं, हा नेहमीचा मार्ग. रानड्यांनी 13 प्रमुख उपनिषदं घेतली, आणि प्रश्नांप्रमाणे त्यांची मांडणी केली. जग कशातून झालं, मन म्हणजे काय, अंतिम सत्य कोणतं, चांगलं कसं वागावं, असे प्रश्न घेऊन सात प्रकरणं पाडली. कुठल्या ऋषीने कुठल्या प्रश्नाला काय उत्तर दिलं, दुसऱ्याचं उत्तर त्याहून वेगळं कसं, पुढच्या दर्शनांची मुळं यात कुठे सापडतात, हे सगळं समोरासमोर ठेवलं. वाचताना कळतं की ही माणसं एकमेकांशी चक्क वाद घालत होती. सगळं एकच आहे, मुकाट्याने नमस्कार करा, असा प्रकार नव्हता.

अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू तेव्हा पंडित गंगानाथ झा होते. ते स्वतः संस्कृतचे नामांकित विद्वान. त्यांनी रानड्यांना तत्त्वज्ञान विभाग सांभाळायला बोलावून घेतलं. प्रकृतीने राजीनामा द्यायला लावलेला हा माणूस 1927 च्या सुमारास उत्तरेला गेला आणि 1946 मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथे राहिला. ए. सी. मुकर्जींसारखे सहकारी त्या विभागात होते. रानड्यांनी काही काळ कुलगुरूपदाचंही काम पाहिलं. सरकारी पैशांवर चालणाऱ्या विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा विभाग कसा उभा राहतो, हे इथे दिसतं. त्याला झांसारखा एक कुलगुरू लागतो, ज्याला त्या विषयाची किंमत कळते. आणि एक शिक्षक लागतो, ज्याचं पुस्तक आधीच बोलत असतं.

अलाहाबादला असतानाच, 1933 मध्ये, महाराष्ट्रातल्या संतांवरचा त्यांचा ग्रंथ आला. त्याआधी त्यांनी ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास यांच्या ग्रंथांतून वेचे काढून, ते विषयवार लावून मराठीत वचनामृतं प्रसिद्ध केली होती. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी डेटा गोळा केला, मग थिअरी मांडली. त्या ग्रंथात त्यांनी संतांचे पाच प्रकार पाडले. ज्ञानेश्वर बुद्धीच्या वाटेने जाणारे. नामदेव आणि त्यांचे सोबती सर्वसामान्यांचे, कारण त्यात शिंपी, कुंभार, माळी, दासी सगळे आहेत. एकनाथ प्रपंच आणि परमार्थ यांचा मेळ घालणारे. तुकाराम स्वतःच्या जिवाची तडफड मांडणारे. आणि रामदास कृतीवर भर देणारे. हे वर्गीकरण पटो न पटो, पण असं वर्गीकरण करता येतं, त्यावर वाद घालता येतो, हे त्यांनी दाखवून दिलं. जनाबाईंच्या काळाचा विचार इंग्रजीतून जगासमोर गेला तो तत्त्वज्ञान म्हणून.

सगळंच जमलं असं नाही. सोळा खंडांपैकी दोनच प्रत्यक्षात आले, एक बेलवलकरांबरोबरचा आणि दुसरा हा संतांवरचा. चौदा खंड राहिले ते राहिलेच. शिवाय एक आक्षेप मलाही वाचताना सारखा सतावत होता. रानडे स्वतः साधक होते. पुढे निंबाळला त्यांच्याकडे गुरू म्हणून लोक येऊ लागले. मग असा माणूस देवाच्या अनुभवाची तपासणी निःपक्षपातीपणे कशी करणार? ज्याचा निकाल आधीच ठरलाय, त्याने परीक्षक व्हावं का? मला याचं पूर्ण समाधानकारक उत्तर मिळालं नाही. पण नंतर लक्षात आलं की हा प्रश्न मोकळेपणाने विचारता येईल अशी जागा मठ नव्हे. मठात तो उद्धटपणा ठरेल. तत्त्वज्ञानाच्या वर्गात तो ट्युटोरियलचा प्रश्न होईल. त्यासाठी तरी तो वर्ग हवा.

निवृत्तीनंतर रानडे निंबाळला राहिले. सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं हे छोटं स्टेशन. स्टेशनजवळच त्यांचा आश्रम. तिथेच 6 जून 1957 रोजी त्यांचं निधन झालं. शेवटच्या वर्षांतही काम थांबलं नव्हतं. हिंदी संतांवरचा ग्रंथ 1954 मध्ये आला, कानडी संतांवरचा त्यांच्यामागे प्रसिद्ध झाला. मराठी, हिंदी, कानडी, तिन्ही भाषांतल्या घरगुती भजनांना त्यांनी अभ्यासाच्या टेबलावर आणलं. बेळगावला त्यांच्या नावाचं गुरुदेव मंदिर आहे. आमच्या पिंगुळीहून सावंतवाडी गाठून आंबोलीचा घाट चढलं की बेळगाव काही लांब नाही.

आणखी एक जवळचा धागा सापडला. भाऊसाहेब महाराजांचे दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज, आणि त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज. हे निसर्गदत्त मालवण तालुक्यातल्या कांदळगावात वाढलेले, मुंबईत विडीचं दुकान चालवणारे. एकाच गुरूच्या परंपरेतून एक फांदी विद्यापीठात गेली, दुसरी खेतवाडीतल्या माडीवर. तिथे परदेशातून लोक प्रश्न घेऊन येत. म्हणजे आपल्या भागात तत्त्वज्ञान नाही असं कोणी म्हणू नये. नाही ते फक्त कॉलेजच्या माहितीपुस्तकात. माझ्या बहिणीने आसपास जिथे जिथे चौकशी केली तिथे तो विषय मेजर म्हणून मिळत नव्हता.

तो आणता येईल का? मी थोडी माहिती काढली. सार्वजनिक विद्यापीठात नवा पदवी अभ्यासक्रम यायचा तर प्रस्ताव अभ्यासमंडळाकडून विद्याशाखेकडे आणि तिथून विद्यापरिषदेकडे जातो. शिक्षक किती, तासिका किती, विद्यार्थी येतील का, हे तिथे विचारतात आणि ते विचारायलाच हवं. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये मेजर-मायनरची सोय आली आहे. तेव्हा मुलं नाहीत म्हणून विषय नाही, आणि विषय नाही म्हणून मुलं नाहीत, हे चक्र कुठेतरी तोडता येईल. आपण इंजिनिअरिंगवाल्यांनीसुद्धा मायनर म्हणून तर्कशास्त्र मागितलं तर काय बिघडेल? रोज इफ-एल्स लिहितोच की.

राहिली मामाची कामगिरी. मी बहिणीला समजवायला बसले नाही. मामालाच बसवलं आणि रानड्यांची सगळी गोष्ट सांगितली. जमखंडी, गणित, आजारपण, अलाहाबाद. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि मग त्याने एकच विचारलं, की त्यांना नोकरी पक्की होती ना. मी म्हटलं, होती. एकदा सोडावी लागली, पण दुसरी बोलावून मिळाली. मामा काही बोलला नाही. उठून मठात भजनाला गेला. आजी म्हणाली की रागावला. मला तसं वाटलं नाही, कारण जाताना तो माझ्या बहिणीलाही बरोबर घेऊन गेला.

दोन दिवसांनी तिने मुंबईच्या कॉलेजचा फॉर्म भरला. फीचे पैसे मामाने दिले. आता ती दर रविवारी मला फोन करून असे प्रश्न विचारते की माझ्या व्हायवाला एक्स्टर्नलने विचारले असते तर मी नक्की नापास झाले असते. मी मराठीत लिहायचं ठरवलं ते यासाठीच. उत्तरं इंग्रजीत पाठ करायची सवय आहे, पण हे प्रश्न आपल्याकडे मराठीतच विचारले गेले होते.