न खपलेला नांगर

आपल्या हिंगोली जिल्ह्यात कापूस, सोयाबीन आणि हळदीच्या आधारावर कितीतरी कुटुंबांचे व्यापार-उद्योग चालतात. एखादा हंगाम बुडाला की धंदा बसतो आणि त्याबरोबर घरचा कर्ता तरुणही खचतो. अशा तरुणासमोर आपण लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र अवश्य ठेवावे.

१८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचे होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असताना आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. रंग सुटले, तेव्हा त्यांनी आपला हात यंत्रांच्या आराखड्यांकडे वळविला. पुढे ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती दुसऱ्यास दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावी भावासोबत सायकलींच्या व्यवसायात लक्ष घातले.

त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. सुमारे दोन वर्षे नांगरांना गिऱ्हाईक मिळेना. लक्ष्मणरावांनी नांगराचा नाद सोडला नाही. हळूहळू शेतकऱ्यांचा विश्वास बसला, मागणी वाढली. आणि नेमक्या त्याच सुमारास बेळगावची कारखान्याची जागा सोडावी लागली. अखेर औंध संस्थानाच्या अधिपतींनी जागा देऊ केली. १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. शिक्षा भोगून आलेल्या, समाजाने दूर लोटलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी तेथे काम दिले. १९५६ साली त्यांचे निधन झाले.

आता आपणच विचार करावा. रंगांच्या बाबतीत निसर्गाची मर्यादा होती, बढतीच्या बाबतीत अन्याय होता, नांगराच्या बाबतीत गिऱ्हाइकाचा अविश्वास होता आणि बेळगावात जागेची अडचण होती. प्रत्येक अपयशाचे कारण वेगळे, म्हणून त्यावरील उपायही वेगळा. कोठे मार्ग बदलावा लागला, तर कोठे त्याच मार्गावर चिकाटीने थांबावे लागले.

सगळ्याला नशीब हे एकच नाव दिले, तर हा फरक कधीच कळत नाही. हातावर हात ठेवून बसण्याला सब्र म्हणत नाहीत. आपल्या घरात कोणाचा धंदा बसला असेल, तर त्याला टोमणे मारू नका. त्याच्याजवळ बसा, हिशोबाची वही उघडा, देणेकऱ्यांना खरी स्थिती सांगण्याचे बळ त्याला द्या. आणि नेमके काय चुकले, माल, भाव, जागा की वेळ, याचा त्याच्यासोबत शोध घ्या.