परळच्या चाळीतला अर्थतज्ज्ञ

बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्याला राज्यघटना आठवते, महाडचं चवदार तळं आठवतं. पण मैत्रिणींनो, बाबासाहेब मुळात शिकले होते अर्थशास्त्र. न्यूयॉर्क आणि लंडन, दोन्हीकडच्या त्यांच्या डॉक्टरेट याच विषयातल्या. आणि त्यांचे प्रश्न होते तुमच्या-आमच्या घरातलेच. राबूनही शेतावर घर का भागत नाही? महागाई वाढली की पोटाला चिमटा कुणाच्या बसतो?

१८९१ साली महूला जन्मलेले बाबासाहेब शाळकरी वयातच वडिलांबरोबर मुंबईत, परळच्या चाळीत आले. मुलाला पुस्तकं हवीत म्हणून वडील रामजी सुभेदार लग्न झालेल्या लेकींचे दागिने मागून आणत आणि गहाण टाकत, असं चरित्रकार सांगतात. एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली ते बी.ए. झाले. पुढच्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तिथून लंडनला. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. वेगळ्या बोटीनं पाठवलेली पुस्तकं महायुद्धात समुद्राच्या तळाशी गेली.

१९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांनी शेतीच्या तुकड्यांवर एक निबंध लिहिला. तुकडे एकत्र करा, शेती सुधारेल, असं तेव्हा सगळे म्हणत होते. बाबासाहेबांनी हिशेब वेगळा मांडला. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर लावायला बैल, अवजारं, भांडवल किती यावर ठरतं. खरं दुखणं हे की एकाच शेतावर गरजेपेक्षा जास्त हात अवलंबून आहेत. त्यांना काम नाही, पण खायला तर लागतंच. म्हणून उद्योगधंदे वाढवा, जास्तीचे हात तिकडे वळवा, मग शेतीही सुधारेल. शेतीतल्या जादा मनुष्यबळाचा असाच विचार आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये मांडला आणि तो जगभर गाजला. त्यांना पुढे नोबेलही मिळालं. परळचा प्राध्यापक त्याच्या ३६ वर्षं आधी त्याच वाटेनं गेला होता.

१९२० मध्ये पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज यावर ते पुन्हा लंडनला गेले. मागे परळच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत रमाबाई होत्या. जाऊ, पुतण्या, मुलं असा सगळा संसार त्यांनी तुटपुंज्या पैशांत रेटला. त्यांच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. बाबासाहेबांच्या पदव्या सगळे मोजतात, त्यापायी रमाबाईंनी काय मोजलं हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

लंडनच्या परीक्षकांनी १९२३ मध्ये प्रबंध परत केला. भाषा सौम्य करा म्हणाले. बाबासाहेबांनी मुंबईत बसून तो पुन्हा लिहिला आणि पदवी मिळवली. विषय होता रुपयाचा प्रश्न. सरकारनं मनाला येईल तितका पैसा काढू नये, त्याला बांध हवा, हे त्यांचं म्हणणं. कारण भाव आधी चढतात आणि मजुरी मागाहून वाढते, तोवर मजुराच्या घरातली चूल थंडावते. चलनाच्या शाही आयोगापुढेही त्यांनी १९२५ मध्ये साक्ष दिली. या आयोगानं मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक सुरू झाली. ती एकट्या बाबासाहेबांमुळे झाली असं म्हणणं बरोबर नाही, पण त्या चर्चेत त्यांचा आवाज ठामपणे होता.

केंद्र आणि प्रांत यांच्यातल्या पैशाच्या वाटणीवरचं त्यांचं पुस्तक १९२५ मध्ये आलं. पुढे ज्या घटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, तिच्यात राज्यांना केंद्रीय करांचा वाटा ठरवून देणाऱ्या वित्त आयोगाची तरतूद झाली. आजही तो वाटा याच आयोगाच्या शिफारशीनं ठरतो.

आणि गिरणगावातल्या बायका? परळ-लालबागच्या गिरण्यांत बाळंतपणाच्या तोंडावरही बाया कामावर उभ्या असत. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती रजा-भत्त्याचं विधेयक आलं, तेव्हा बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार सरकारनंही उचलावा, असं त्यांनी मांडलं. कायदा १९२९ मध्ये झाला.

पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी पुस्तकांसाठी प्रशस्त ‘राजगृह’ बांधलं. तिथंच २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचं निधन झालं. त्यांचं अर्थशास्त्रावरचं बरंचसं लेखन महाराष्ट्र सरकारनं काढलेल्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात आहे. इंग्रजीत आहे खरं, पण घरात शिकणारी लेक असेल तर तिला जरूर सांगा. शेताच्या वाटण्या आणि बेकार पोरं हा विषय आपल्या घरांत अजून निघतोच आहे.