हाताची घडी, तोंडावर बोट

13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि तेव्हापासून हे गाव आम्हा सर्वांचे झाले. दरवर्षी त्या तारखेला मुक्तिभूमीवर बांधवांची रीघ लागते. कडेवर, खांद्यावर लहान पोरे असतात. तीन वर्षांचे पोर मूठ वळून जयभीम म्हणते आणि आम्ही सारे कौतुकाने हसतो. तेच पोर दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत जाते, तेव्हा त्याला पहिला धडा कोणता मिळतो? हाताची घडी, तोंडावर बोट!

एका कामानिमित्त तालुक्यातील एका अंगणवाडीत आम्ही अर्धा तास बसलो होतो. मुले भिंतीला टेकून ओळीने बसवलेली. खिचडी शिजेपर्यंत कोणी हलायचे नाही, बोलायचे नाही. मदतनीस चुलीपाशी, सेविका रजिस्टरांच्या ढिगाऱ्यात. त्या बायांना आम्ही दोष देत नाही. तुटपुंज्या मानधनात त्यांच्यावर पल्स पोलिओपासून सर्वेक्षणापर्यंत सारे लादलेले असते. पण लोकशाहीवर इतकी भाषणे झोडणाऱ्या आम्हाला त्या दिवशी चुकल्यासारखे झाले. लोकशाही अठराव्या वर्षी मतदार यादीत नाव लागले की सुरू होते, असे आम्हीही धरून चाललो होतो.

हे अंगण ज्यांनी उभे केले त्या बाईंची आठवण चळवळीच्या वर्तमानपत्रात क्वचितच निघते. ताराबाई मोडक. जन्म 1892 चा, मुंबईत. माहेरच्या त्या केळकर. घर प्रार्थना समाजाचे, सुधारकी. 1914 साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळी ही संधी कोणत्या जातीच्या मुलीला मिळू शकत होती, हे वाचकांना सांगायला नको. लग्न अमरावतीच्या एका वकिलाशी झाले, ते टिकले नाही. बाई एकुलत्या मुलीला घेऊन स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. राजकोटच्या बार्टन अध्यापिका विद्यालयाच्या त्या प्राचार्या झाल्या. मानाची आणि चांगल्या पगाराची ती नोकरी सोडून 1923 च्या सुमारास त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. गिजुभाईही मूळचे वकील. कोर्ट सोडून ते लहान मुलांत जाऊन बसले. (आमच्या बार असोसिएशनमध्ये आजही हे कोणाला पटणार नाही.)

त्या बालमंदिरात मारणे नव्हते, बक्षीस नव्हते, पहिला नंबरही नव्हता. मूल स्वतः साहित्य निवडत असे, हवे तितका वेळ त्यात रमत असे आणि काम झाले की वस्तू जागेवर ठेवत असे. दुसऱ्याच्या हातातली वस्तू हवी असेल तर थांबावे लागे. मुलेच झाडलोट करत, मुलेच वाढत, मुलेच वाटून खात. यात लोकशाही कुठे आली, असे कोणी विचारील. इटलीत मुसोलिनीच्या राजवटीला या पद्धतीच्या आद्य पुरस्कर्त्या माँटेसोरीबाईंच्या शाळा सोसल्या नाहीत; 1934 च्या सुमारास त्या बंद पडल्या आणि बाईंना देश सोडावा लागला. अडीच वर्षांच्या मुलाने स्वतः निवड करण्याची भीती हुकूमशहाला बरोबर कळली होती. आपल्या लोकशाहीवाद्यांना मात्र त्याचे मोल कळायला उशीर लागतो.

1926 साली गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. 1936 साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला. त्याच दादरला राजगृह, आणि त्याच वर्षी बाबासाहेबांचे जातिनिर्मूलनाचे न झालेले भाषण पुस्तकरूपाने निघाले. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकमेकांसोबत जगण्याची रीत आहे, हे त्यात बाबासाहेबांनी मांडले. शिशुविहारात येणारी मुले तेव्हा पांढरपेशा घरांतलीच होती. ताराबाई तिथेच राहिल्या असत्या तर आम्ही हा लेख लिहिला नसता.

1945 साली, वयाच्या 53 व्या वर्षी, त्या ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी गावी गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. त्याच वर्षी त्या भागात वारली आदिवासी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. मोठी माणसे पिढ्यान्‌पिढ्यांचे मौन तोडत होती, आणि जवळच्या गावात एक बाई त्यांच्यासारख्यांच्या लहानग्यांसाठी शाळा मांडत होती. दोघांच्या वाटा वेगळ्या, राजकारण वेगळे. पण काळ एकच.

बोर्डीत बालवाडी निघाली. दलित, आदिवासी वस्त्यांतली मुले मात्र तिथपर्यंत येईनात. सरकारी माणूस असता तर पालक उदासीन आहेत असा शेरा मारून मोकळा झाला असता. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली, झोपडीपुढच्या अंगणात. तीच अंगणवाडी. माँटेसोरीचे महागडे साहित्य परवडणार नव्हते, म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने आली. पुढे 1956-57 च्या सुमारास त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारल्यांची मुले गुरे चारायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली; तिचे नाव कुरणशाळा. मुली धाकट्या भावंडांना सांभाळायचे म्हणून घरी राहत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणली, ती विकासवाडी. मूल येत नाही, तर चूक शाळेची आहे, असे धरून चालणारी ही बाई होती.

आम्ही ताराबाईंना आंबेडकरवादी ठरवायला निघालेलो नाही. त्यांच्यावर गांधींचा प्रभाव होता आणि त्या मंडळींच्या तोंडी आमच्या लोकांसाठी असलेला शब्द आम्हाला तेव्हाही मान्य नव्हता, आजही नाही. शिवाय एक प्रश्न उरतोच. बालवाडी वस्तीत नेली, पण गावातली मुले वस्तीच्या अंगणात येऊन बसली काय? दार उघडत नाही म्हणून वळसा घालून जाणे आणि दारच नाकारणे, यांत फरक आहे. काळारामाचे दार सोडून येवल्याला आलेल्या लोकांना तो कळतो. तरीही ज्या मुलाला गाव बोलू देत नाही, त्याला निदान स्वतःच्या अंगणात बोलता यावे, याचे मोल आम्ही कमी लेखत नाही.

1962 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 1973 साली त्या गेल्या. दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने देशातील 33 ठिकाणी एकात्मिक बाल विकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. वजन, लस, आहार आला. तो हवाच होता. उपाशी मूल काय बोलणार? पण मुलाची निवड, मुलाचे बोलणे वाटेत सांडले.

कायद्यानेही हात आखडताच घेतला. मूळ घटनेच्या कलम 45 मध्ये चौदा वर्षांपर्यंतची सगळी मुले होती. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाला मूलभूत अधिकार दिला आणि सहाच्या आतल्यांना मार्गदर्शक तत्त्वातच ठेवले. ज्याच्या ऐकले जाण्याच्या हक्काला भारताने 1992 साली बालहक्क संहिता स्वीकारून मान्यता दिली, तेच मूल हक्काबाहेर! सर्वोच्च न्यायालयाने मात्र 13 डिसेंबर 2006 च्या आदेशात सांगितले की, वस्तीत सहा वर्षांखालील किमान 40 मुले असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी; अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावे. हा आदेश आमच्या किती कार्यकर्त्यांच्या खिशात आहे?

अशाच एका वस्तीसाठी अर्ज करायचा म्हणून आम्ही मुलांची यादी करायला घेतली. नाव, वय, आईचे नाव, आणि एक जास्तीचा रकाना आखला : मुलाला काय करायला आवडते. तो मुलालाच विचारून भरायचा असे ठरले. पहिल्याच घरात साडेतीन वर्षांच्या मुलीला विचारले, तर उत्तर आजीने दिले. आम्ही पुन्हा मुलीकडे वळून विचारले. तिने आधी आजीकडे पाहिले, मग आमच्या पेनाकडे बोट दाखवले. आम्ही पेन तिच्या हातात दिले. तो रकाना तिनेच गिरगटून भरला आहे आणि अर्जाला तीच यादी जोडली आहे.