कायदा निवडून घ्यायचा असतो

मैत्रिणींनो, मालवणातलं बॅ. नाथ पै सेवांगण आपल्याला चांगलं माहितीचं. पण परवा बचत गटातल्या एका मुलीनं विचारलं, हे नाथ पै कोण? मी म्हटलं, भाषणं गाजवणारे खासदार. घरी आल्यावर मलाच रुखरुख लागली. एवढंच का ते?

नाथ पै आपल्या वेंगुर्ल्याचे. जन्म २५ सप्टेंबर १९२२. बेळगावात शिक्षण, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगवास, मग लंडनला जाऊन बॅरिस्टर. पत्नी क्रिस्टल ऑस्ट्रियाच्या. १९५७, १९६२ आणि १९६७ अशी तीनदा राजापूर मतदारसंघानं त्यांना लोकसभेत पाठवलं. तेव्हा आपला सिंधुदुर्ग रत्नागिरी जिल्ह्यातच होता.

फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला. मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध पाच मतांनी ठरवलं. नाथ पैंना ते पटलं नाही. लोकांनी निवडलेल्या संसदेला हा अधिकार हवाच, असं त्यांचं मत. विरोधी बाकावरून त्यांनी त्याच वर्षी खासगी विधेयक आणलं.

ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. अशा समितीत सगळ्या पक्षांचे खासदार असतात. लेखी निवेदनं येतात, जाणकारांच्या साक्षी होतात, त्यांना उलटसुलट विचारलं जातं. मग एकेक कलम घेऊन शब्द तपासतात. आपण सुपात तांदूळ घेऊन खडे वेचतो ना, तसंच. ज्याला पटत नाही, तो आपलं वेगळं मत अहवालाला जोडतो.

विरोधकांची भीती होती, उद्या बहुमतवाल्यांनी हक्कच काढून घेतले तर? १९७५ च्या आणीबाणीनं ती भीती खोटी नव्हती हे दाखवलं. नाथ पैंचं विधेयक मंजूर झालंच नाही. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली. पुढच्याच महिन्यात, १८ जानेवारी १९७१ ला, बेळगावात हृदयविकारानं ते गेले. वय अवघं अठ्ठेचाळीस. त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीनं संसदेला तो अधिकार मिळाला. १९७३ साली केशवानंद खटल्यात कोर्टानं तो मान्य केला, पण घटनेच्या गाभ्याला हात लावायचा नाही, अशी मर्यादा घातली. म्हणजे दोन्ही बाजूंचं म्हणणं वाया गेलं नाही.

तुम्ही म्हणाल, बायकांना याचं काय? सांगते. घरगुती हिंसाचाराचं २००२ चं विधेयकही संसदीय समितीपुढे गेलं होतं. त्यात मारहाण वारंवार झाली तरच तो छळ, अशा अर्थाचा शब्द होता. महिला संघटनांनी हरकत घेतली. २००५ च्या कायद्यात तो शब्द नाही. माझ्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्या बाईला मी विचारत नाही, बाई गं, कितीदा मारलं? एकदा मारलं तरी पुरे.

समित्या पेपरात जाहिरात देऊन लोकांची मतं मागवतात. पुढच्या वेळी ती दिसली, तर पान उलटू नका. चार ओळी लिहून पाठवा.