जॉर्ज सायमन ओहम : कुलुपें करणाऱ्याचा मुलगा

विजेचा दिवा आतां खेड्यापाड्यांतल्या घरींहि आला आहे. इस्त्रीवर, शेगडीवर किंवा पंपावर व्होल्ट, अँपियर, वॅट असे शब्द छापलेले असतात. ते पाहून पुष्कळ लोक हें आपलें काम नव्हे म्हणून सोडून देतात. विजेचा दाब आणि तिचा प्रवाह यांचा संबंध ज्यानें मोजून दाखविला, तो मनुष्य एका कारागिराचा मुलगा होता. त्याचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

जॉर्ज सायमन ओहम याचा जन्म जर्मनींतील एर्लांगेन या गांवीं १६ मार्च १७८९ रोजीं एका प्रॉटेस्टंट कुटुंबांत झाला. बाप कुलुपें करी. आई शिंप्याची मुलगी होती. सात लेंकरांपैकीं तीनच जगलीं, आणि जॉर्ज दहा वर्षांचा असतां आईहि वारली. बापाला शाळेचें शिक्षण फारसें नव्हतें, परंतु त्यानें स्वतःच्या श्रमानें गणित व शास्त्रें यांचा अभ्यास केला होता, आणि तो आपल्या दोघां मुलांस घरींच शिकवीत असे. धाकटा मार्टिन पुढें नांवाजलेला गणिती झाला.

१८०५ सालीं जॉर्ज विद्यापीठांत गेला. तेथें नाच, बिलियर्डचा खेळ व बर्फावरून घसरणें यांत त्याचा वेळ जाऊं लागला. थोरांच्या चरित्रांत अशा गोष्टी झांकण्याची रीत आहे. आम्ही ती झांकीत नाहीं. बाप संतापला, आणि त्यानें मुलास विद्यापीठांतून काढून स्वित्झर्लंडांत पाठविलें. तेथें तो एका शाळेंत गणित शिकवूं लागला. १८११ सालीं परत येऊन त्यानें डॉक्टरची पदवी मिळविली. त्यानंतर बरींच वर्षें हलक्या नोकऱ्यांत गेलीं, आणि १८१७ सालीं त्याला कोलोन येथील विद्यालयांत जागा मिळाली. येथें प्रयोगाचें साहित्य चांगलें होतें, आणि धातूच्या कामांत बापाजवळ तयार झालेला त्याचा हात आतां उपयोगी पडला.

तार जसजशी लांब घ्यावी तसतसा विजेचा जोर कमी होतो. तो कोणत्या नियमानें कमी होतो, हें त्याला शोधावयाचें होतें. १८२५ सालीं त्यानें घाईनें एक नियम छापला, आणि तो चुकीचा निघाला. कारण असें कीं, त्या वेळच्या विद्युद्घटाचा जोर क्षणोक्षणीं बदलत असे. ज्या मापानें धान्य मोजावयाचें तें मापच लहानमोठें होऊं लागल्यावर हिशेब कसा जुळावा? तेव्हां पोगेनडॉर्फ नांवाच्या शास्त्रज्ञानें त्याला निराळी युक्ति सुचविली. तांबें व बिस्मथ या दोन धातूंचे सांधे करून एक उकळत्या पाण्यांत व दुसरा बर्फांत ठेवावा. म्हणजे उष्णतेच्या फरकामुळें वीज उत्पन्न होते, आणि फरक कायम असल्यानें तिचा जोरहि कायम राहतो.

१८२६ च्या जानेवारींत ओहमनें सारख्याच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या. सर्वांत आंखूड २ इंचांची, सर्वांत लांब १३० इंचांची. प्रत्येक तार जोडून त्यानें टांगलेली चुंबकाची सुई पाहिली. प्रवाह जितका जोराचा तितकी ती वळे, आणि तिला मूळ जागीं आणण्यास टांगणी किती पिळावी लागते तेंच प्रवाहाचें माप. या वेळीं हिशेब जुळला. त्यांत एक मर्म होतें : प्रवाह अडविणारी केवळ बाहेरची तार नसून यंत्राचा स्वतःचाहि अडथळा तीत मिळवावा लागतो. या अडथळ्यास रोध म्हणतात.

आजच्या शब्दांत तो नियम असा : व्होल्टांस अँपियरांनीं भागिलें असतां रोध ओहममध्यें निघतो. २३० व्होल्टांवर एक शेगडी ५ अँपियर घेत असेल, तर तिचा रोध ४६ ओहम. त्याच दोन आंकड्यांचा गुणाकार केला कीं शक्ति मिळते : ११५० वॅट. आतां हीच शेगडी लांब व बारीक तारेनें दूरच्या मंडपांत नेली, आणि जाण्यायेण्याच्या तारेचा रोध ४ ओहम भरला, असें समजूं. शेगडीचा रोध तोच धरला तर एकूण रोध ५० ओहम, आणि प्रवाह ४.६ अँपियर. पैकीं १८.४ व्होल्ट तारेंतच खर्च होतात. शेगडीला सुमारें ९७३ वॅट मिळतात, आणि सुमारें ८५ वॅट तार तापविण्यांत जातात. चहाला उशीर होतो तो यामुळें, आणि बारीक तारेचीं वेटोळीं जळतात तींहि यामुळेंच. तारेंतील या उष्णतेचा नियम इंग्लंडांतील जूल यानें १८४१ सालीं प्रसिद्ध केला.

ओहम अर्ध्या पगाराची रजा घेऊन बर्लिनला गेला, आणि १८२७ सालीं त्यानें आपला सिद्धांत ग्रंथरूपानें छापला. मोठ्या विद्यापीठांत जागा मिळेल अशी त्याची आशा होती. परंतु निसर्गाचे नियम गणितानें मांडावे ही रीतच तेथील पुष्कळ पंडितांस रुचत नव्हती, आणि पोल नांवाच्या अध्यापकानें ग्रंथावर कठोर टीका केली. अगोदर घाईनें छापलेल्या चुकीनेंहि त्याचें वजन कमी केलें असावें, असें आम्हांस वाटतें. १८२८ सालीं त्यानें कोलोनची जागा सोडली, आणि पुढें पांच वर्षें बर्लिनमध्यें किरकोळ शिकवणीवर काढलीं. वय चाळिशीचें, संसार नाहीं, आणि ज्या कामावर सर्व भिस्त ठेविली त्याला विचारणारा कोणी नाहीं. १८३३ सालीं न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेनें त्याला जागा दिली.

मान मिळाला तो प्रथम परदेशांतून. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्याला कोप्ली पदक दिलें. मग स्वदेशहि जागा झाला, आणि १८५२ सालीं, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं, म्युनिकच्या विद्यापीठांत तो पदार्थविज्ञानाचा अध्यापक झाला. ही जागा त्याला दोन वर्षेंहि लाभली नाहीं. ६ जुलै १८५४ रोजीं तो मरण पावला. १८८१ सालीं पॅरिस येथें भरलेल्या विद्युत्परिषदेनें रोधाच्या मापासाठीं त्याचें नांव मान्य केलें. यंत्रांवर तें ग्रीक ओमेगा अक्षरानें लिहितात, कारण रोमन ओ लिहिला असता तर तो शून्यच वाटला असता.