न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : पदाआधी अभ्यास



आपल्या मुलाने नगरसेवक व्हावे, न्यायाधीश व्हावे, असे कोणाला वाटत नाही? पण त्या खुर्चीआधी किती वर्षे पुस्तकांसमोर बसावे लागते, याचा विचार आपण क्वचितच करतो. यासाठी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांचे जीवन पाहा.

10 ऑक्टोबर 1844 रोजी मुंबईतील एका व्यापारी घराण्यात त्यांचा जन्म झाला. मदरशात उर्दू-फारसी आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये इंग्रजी शिकून 1860 मध्ये ते विलायतेस गेले. तेथे डोळ्यांच्या विकाराने गाठले. 1864 मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. घरचा व्यापार होता. पेढीवर बसले असते तर कोणी नावे ठेवली नसती. परंतु 1865 मध्ये ते पुन्हा गेले आणि 1867 मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत.

सनद हाती आली म्हणून त्यांचे शिकणे थांबले नाही. 1873 मध्ये ते महानगरपालिकेत गेले, 1882 मध्ये कायदेमंडळात. शहराचा कारभार आणि कायदा कसा घडतो, हे त्यांनी तेथे प्रत्यक्ष जाणून घेतले. 1887 मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. 1895 मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्या तयारीची कसोटी 1897 मध्ये लागली. राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना आधी नाकारलेला जामीन तय्यबजींनी मंजूर केला. सरकारची मर्जी न पाहता कायदा पाहण्याचे हे धैर्य अभ्यासातून आले होते.

स्वतः शिकून ते थांबले नाहीत. 1874 मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. आपल्या मुलींनाही शिकवले. 1906 मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले.

पालकहो, दीपनगरच्या वीजकेंद्रात पाळ्या करून आपण मुलांना शिकवता. आजारपणाने किंवा नापास झाल्याने मुलाचे एखादे वर्ष वाया गेले, तर लगेच त्याचे नाव शाळेतून काढू नका. मुलीचेही नको. आणि विद्यार्थी मित्रांनो, निकाल लागला की पुस्तके रद्दीत घालू नका. पद मिळेल तेव्हा मिळेल. त्याला लायक होण्याचे काम आजच सुरू करा.